जीभ वळते घरच्या सरावानं

ज्वारी निवडता निवडता किंवा भाकरी थापता थापता रेडिओ ऐकत असाल, तर हातातलं काम सोडू नका. आज आम्ही सांगणार आहोत ते काम करता करताच करायचं आहे.

आमच्या बचत गटातल्या एकीचा नातू पहिलीत आहे. पोरगं हुशार, पण 'क'ला 'त' आणि 'ग'ला 'द' म्हणायचं. काकूची तातू व्हायची आणि गायीची दाय. लहान होता तोवर गल्लीभर कौतुक. "म्हण रे, काकू म्हण," असं म्हणायचं आणि हसायचं. त्या हसण्यात आम्हीही होतो. मग एक दिवस आजीनं त्याला गूळ आणायला पाठवलं. दुकानात तो "दूळ द्या" म्हणाला, तिथली मोठी पोरं हसली आणि तो रिकाम्या हातानं परत आला. त्या दिवसापासून दुकानात जाणं बंद. शाळेत बाईंनी विचारलं तरी तोंड उघडेना. बाईंना वाटलं, याला काही येतच नाही. उत्तर त्याला येत होतं, पण 'क' आणि 'ग' आडवे येत होते.

तेव्हा आम्ही हसायचं सोडलं आणि माहिती काढली. साधारण चार वर्षांपर्यंत 'क' आणि 'ग' मुलांना जमायला लागतात. 'र', 'ळ', 'श' यांना काही मुलांना सहा-सात वर्षंही लागतात. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बहुतेक कळायला हवं. कळत नसेल तर "मोठा झाला की येईल" म्हणून बसू नये. दोन वर्षांचं लेकरू "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तरी दाखवावं.

दाखवायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे आणि त्यात ऐकणं-बोलणंही बघतात. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. आपली शंका डॉक्टरांना स्वतः सांगा, कारण गर्दीत गप्प बसलेलं मूल त्यांना फक्त लाजाळू वाटतं. गरज असेल तर ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडं पाठवतात. लहान मुलांची वेळीच तपासणी आणि उपचार व्हावेत यासाठी ते केंद्र असतं. शाळेत मुख्याध्यापकांनाही विचारा. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून शाळांवर जातात.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. जे नीट ऐकू येत नाही, ते नीट बोलता कसं येईल? आमच्यातल्या एकीच्या मुलीचा कान वरचेवर वाहायचा आणि आम्ही कोमट तेल सोडायचो. तसं करू नका. वाहत्या कानात तेल, पाणी, झाडपाल्याचा रस काही घालायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. वेखंड जिभेला चोळून 'क' येत नाही. फुगे फुगवून किंवा जीभ आत-बाहेर करूनही येत नाही. जो आवाज चुकतो, त्याच आवाजाचा सराव लागतो.

आता त्या नातवाचं. त्याला शिकवणाऱ्या मॅडम पंधरा दिवसांतून एकदा येतात आणि अर्धा तास देतात. म्हणजे महिन्याला एक तास. बाकीचा महिना लेकरू आपल्याजवळ. मॅडमनी सरावाचा कागद दिला होता, तो दोन महिने घड्याळामागं खोचलेला होता. "मॅडम शिकवतात की," असं आम्ही म्हणत होतो. मॅडम वाट दाखवतात, पण त्या वाटेवरून रोज चालवायचं काम घरच्यांचं. मग आजीनं कागद काढला, सुनेनं वाचून दाखवला आणि रोज दहा मिनिटं ठरली. सकाळी भाकरी होईपर्यंत पाच आणि रात्री जेवणानंतर पाच.

पहिला खेळ कानाचा. माठातलं पाणी गार आणि घराला दार. मूल मध्ये उभं करा. तोंडापुढं सूप धरून म्हणा "गार", की त्यानं माठाला हात लावायचा. "दार" म्हणा, की दाराकडं पळायचं. आपण 'कवा' आणि 'तवा'ही घेतला. 'तवा' ऐकला की तव्याला हात, 'कवा' ऐकला की त्यानं म्हणायचं "आत्ता!" चूल पेटलेली नसताना खेळा. फरक कानाला कळला, की आलटापालट. मूल बोलेल आणि आपण पळायचं. त्याला गार म्हणायचं असेल आणि तोंडातून दार निघालं, तर आपण दाराकडं जायचं. आमचा गडी आधी हसला, मग थांबला, मग स्वतःच पुन्हा म्हणायचा प्रयत्न करू लागला.

दुसरा खेळ जिभेचा. 'त' म्हणताना जिभेचं टोक दातांशी लागतं. 'क' म्हणताना टोक खाली राहतं आणि मागची जीभ वर उठते. लेकराला गोधडीवर उताणं झोपवा, म्हणजे जीभ आपोआप मागं सरकते. तिथं "का, का, का" म्हणायला लावा. जमलं की बसून, हातात आरसा देऊन. बोट किंवा चमचा तोंडात घालू नका, ते मॅडमचं काम.

तिसरा खेळ चिंचोक्यांचा. एकदा नीट म्हटलं की एक चिंचोका वाटीत. आधी नुसतं "का, की, कू". ते पक्कं झालं की शब्द: कांदा, कढई, केस, कुंकू. मग "कांदा दे", "कढई घास". शेवटी गोष्ट. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही. धाकटं भावंड जवळ असेल तर चिंचोक्यांवर लक्ष ठेवा, नाकात-तोंडात घालतात.

दहा मिनिटं संपली की टोकणं बंद. दिवसभरात "दाय आली" म्हणाला, तर आपण म्हणायचं, "हो, गाय आली. केवढी गाय!" नीट शब्द त्याच्या कानावर पडला, तेवढं पुरे. पाहुण्यांपुढं म्हणून दाखवायला लावू नका.

ज्यांची लेकरं बोलतच कमी, त्यांनी हातातल्या कामाबद्दल बोलत राहावं. मूल "शेळी" म्हणालं तर आपण "शेळी आली" म्हणायचं, एकच शब्द वाढवून. "भाकरी पाहिजे का भात?" असं विचारून मनात पाचपर्यंत मोजायचं आणि त्याच्या तोंडाकडं बघत थांबायचं. आपण बायका घाईत त्याचं उत्तरही आपणच देऊन टाकतो.

जे मूल अडखळतं, "म-म-मला" म्हणतं, त्याला "नीट बोल, हळू बोल" म्हणू नका. शब्द पुरा करून देऊ नका. आपणच सावकाश बोला आणि त्याचं पुरतं ऐकून घ्या. सहा महिन्यांत कमी झालं नाही, किंवा मूल बोलायचं टाळू लागलं, तर दाखवा.

आणि बोलीला दोष समजू नका. लेकरू 'पानी' म्हणतं, 'कवा' म्हणतं, ती आपल्या गावची बोली आहे. तांड्यावर गोरमाटी, कुणाच्या घरी उर्दू, उमरग्याकडं कुठं कन्नड बोलतात. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असली म्हणून बोलणं बिघडत नाही. ज्या भाषेत तुमचं मन मोकळं होतं, त्याच भाषेत लेकराशी बोला.

दिवाळीनंतर वाशी, कळंब, भूमकडच्या किती तरी जणी ऊसतोडीला जातात. लेकरू आजीजवळ राहणार असेल, तर जाण्याआधी खेळ आजीला शिकवून जा. बरोबर नेणार असाल, तर कागद कपड्यांच्या गाठोड्यात ठेवा. कोपीवर माठ असतोच, चिंचोकेही मावतात.

आमच्या नातवाला पाच महिने लागले. घाईत अजून 'दिरणी' निघते, मग थांबून 'गिरणी' म्हणतो. मागच्या आठवड्यात आजीनं पुन्हा पैसे हातावर ठेवले. आम्ही दोघी-तिघी ओट्यावर बसून होतो, कुणीच काही बोललो नाही. तो पावशेर गूळ घेऊन आला आणि येता येता त्यातला एक खडा तोंडात टाकला होता. आजी रागावली नाही.

आज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं काढा, सख्यांनो. नमस्कार.