मोनॅकोचं सर्किट आणि स्वारगेटची फेरी



वर्गात बोलते म्हणून जिला बाकावर उभं केलं जायचं, तिच्या हातात आज माईक दिलाय. संयोजकांनी प्रवासातला एखादा अनुभव सांगायला सांगितलंय.

गेल्या सप्टेंबरात आम्ही भूमध्य समुद्रात क्रूझवर गेलो होतो. मी, नवरा, मुलगा आणि माझे बाबा, वय 78. एक दिवस बोट मोनॅकोला लागली. नवरा आणि मुलगा तिथलं मत्स्यालय बघायला गेले. मला फॉर्म्युला वनचं वेड, म्हणून मी सर्किट पायी चालणार होते. बाबा म्हणाले, "मीपण येतो."

मोनॅको हा देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. 1929 पासून तिथल्या रोजच्या रस्त्यांवर ही शर्यत होते. एक फेरी 3.337 किलोमीटरची, वळणं 19, आणि अशा 78 फेऱ्या. शर्यत संपली की कठडे काढतात आणि त्याच रस्त्यावरून लोक सामान आणायला जातात.

सेंट देवोतच्या छोट्या चर्चपासून चढ लागतो. तिथे एक सिटी बस आमच्या बाजूने वर गेली. बाबा काठी टेकून ती दिसेनाशी होईपर्यंत उभे! पुढे कसिनोसमोरच्या महागड्या गाड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग ते प्रसिद्ध हेअरपिन वळण. तिथे रेसच्या गाड्याही ताशी पन्नासच्या आसपास येतात. या एका वळणासाठी स्टीअरिंग जास्त वळेल असं बदलून घेतात, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "आम्हाला कोण बदलून देणार? अप्पा बळवंत चौकात गर्दीच्या वेळी काढून दाखव म्हणावं. पॉवर स्टीअरिंगशिवाय."

बोगद्यातून बाहेर आलो की समोर बंदर. 1955 साली अस्कारी इथे गाडीसकट समुद्रात पडला आणि पोहत बाहेर आला. बाकावर टेकून बाबांनी हिशेब केला, "म्हणजे आपली स्वारगेटचीच फेरी की. शिवाजी रस्त्याने जायचं, बाजीराव रस्त्याने परत."

माझे बाबा पीएमटीत ड्रायव्हर होते. तुमच्यापैकी कुणालाच हे माहीत नाही, कारण मी शाळेत 'बाबा ऑफिसात असतात' असं सांगायचे. नववीत, चित्रकलेच्या परीक्षेहून येताना, आपण सात-आठ जणी ज्या बसमध्ये चढलो ती बाबांची होती. ते वळून हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुमच्यातल्या एकीने विचारलंही, "ड्रायव्हर तुझ्याकडे बघून का हसला गं?" मी म्हटलं, "काय माहीत."

घरी त्या रात्री बाबा काही बोलले नाहीत. पुढेही कधी नाही. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये आले, आणि ही गोष्ट तशीच राहिली.

त्या बाकावर मी त्यांना म्हटलं, "बाबा, नववीत एकदा तुमच्या बसमध्ये..."

"आठवतंय," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या दाराशी उभ्या होतात. म्हणून त्या दिवशी ब्रेक जपून मारले."

मला पुढे बोलताच आलं नाही. बोटीवर परतायची वेळ झाली होती, आणि बाबांना रास्कासचं वळण अजून बघायचं होतं.

तिसऱ्या रांगेत, कडेला, पांढरा सदरा घालून बसलेत ना, ते माझे बाबा. जेवणाच्या सुट्टीत त्यांना जरूर भेटा. आणि तो प्रश्न विचारणारी मैत्रीण सभागृहात असेल, तर तिने आधी भेटावं.