माग कुठाय?



मी मॅट्रिक. गोदीत पोती उचलतो. चित्रकलेवर बोल म्हणालात, तर एकाच चित्रावर बोलतो.

चित्र जर्मनीतलं. काढणारी बाई केथे कोलविट्झ. नवरा बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. १८९३ ते १८९७ मध्ये तिनं 'विणकरांचा उठाव' ही सहा छापचित्रांची मालिका केली. पहिलं चित्र 'हलाखी'. ते शिळाछाप. दगडावर तेलकट खडूनं काढायचं, पाणी फिरवायचं. शाई तेलाला धरते, ओल्याला सोडते.

अंधारी खोली. बिछान्यावर मरायला टेकलेलं पोर. आई दोन्ही हातांनी डोकं धरून वाकलेली. मागं कुणीतरी दुसरं पोर कवटाळून बसलंय. आणि खोलीत हातमाग.

त्या मागाकडं बघा. तो नसता तर नुसतं 'अरेरे' झालं असतं. त्या शतकात लंडनच्या साप्ताहिकांत लाकडी ठशांवरून चिंध्यांतली, अनवाणी पोरं ढिगानं छापली गेली. सुखवस्तू वाचक हळहळायचा, पान उलटायचा. कोलविट्झनं कारण खोलीतच उभं केलं. घरात माग आहे, माणसं रात्रंदिवस राबतात, तरी पोर मरतं. मग कमाई जाते कुठं?

उत्तर पुढच्या चित्रांत आहे. मसलत, मोर्चा, मालकाचं फाटक. मोर्चात एका बाईच्या पाठीवर पोर झोपलंय. शेवटी घरात आणलेली प्रेतं. हे मनचं नाही. जून १८४४ मध्ये सायलेशियातले विणकर मजुरी तोडणाऱ्या व्यापाऱ्यांवर उठले. प्रशियाच्या लष्करानं गोळ्या घातल्या, ११ जण मेले.

१८९८ च्या बर्लिन प्रदर्शनात परीक्षकांनी या मालिकेला सुवर्णपदक सुचवलं. मंत्र्यानं विषयावर बोट ठेवलं, कैसर दुसरा विल्हेल्म यानं पदक नाकारलं. हळहळीचं सत्तेला काही वाटत नाही. हिशेब मागितला की टोचतं.

आता माझं सांगतो. धाकट्या भावाच्या भुकेवर मी कविता लिहिली. एका सभेत वाचली. टाळ्या पडल्या, पुढच्या रांगेत एका बाईंनी डोळे पुसले. मी साला खूश! रात्री खोलीवर परत वाचली. भाऊ होता, भूक होती, रिकामं ताट होतं. बापाची मजुरी कोण गिळत होतं, त्याची एक ओळ नव्हती. म्हणजे मी माझ्याच भावाला भीक मागायला उभं केलं होतं.

ती कविता फाडली. परत लिहितोय. तुम्हीही आपापल्या वह्या काढा आणि बघा, माग कुठाय?