मुलामागे उभे राहणारे घर

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासन विभागातर्फे करण्यात आलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च, खाटांची संख्या व नवीन यंत्रसामग्री यांचा तपशील आपल्या हाती असलेल्या अहवालात दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. आज आम्हांला एका लहानशा खर्चाविषयी बोलावयाचे आहे. वैद्यकीय समाजसेवा विभागाच्या हिशेबात ‘कुटुंब साहाय्य’ असे एक शीर्ष आहे. एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, एका वेळचे जेवण अशा त्याखालील नोंदी पाहून एका विश्वस्तांनी विचारले, “हा खर्च रुग्णालयाचा कसा?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे, असे आम्हांस वाटले.

ज्या घरातील अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला आहे, अशा घरांसाठी हा खर्च होतो. कायद्याच्या भाषेत अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. ‘आरोपी’, ‘गुन्हेगार’ हे शब्द त्याच्यासाठी वापरू नयेत, असे कायदाच सांगतो. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा दि. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याने घालून दिलेल्या तत्त्वांत दोन तत्त्वे आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहेत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी अखेरचा उपाय आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की, कायदा मुलाला शक्य तितक्या लवकर घरी पाठवू पाहतो. परंतु ते घर त्या दिवशी उभे आहे की कोसळले आहे, हे पाहण्याची व्यवस्था फार तोकडी आहे.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तीत दानधर्माचा वाटा आहे. मुंबईत १८५७ साली अल्पवयीन मुलांसाठी सुधारगृह सुरू झाले, ते डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखले जाते. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या नावात आढळतो तोच हा दाता. रुग्णालय आणि मुलांचे सुधारगृह ही दोन्ही कामे एकाच दातृत्वातून निघाली, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यासाठी मुलांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. देशासाठी एकच कायदा १९८६ साली आला. त्यात मुलग्यांची वयोमर्यादा सोळा व मुलींची अठरा होती. २००० सालच्या कायद्याने ती दोघांसाठी अठरा केली. या साऱ्या प्रवासात मुलाचा विचार उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेला. घराचा विचार मात्र बराचसा कागदावर राहिला.

रुग्णालयाचा या घरांशी संबंध कसा येतो, हे आता सांगतो. मुलाला वैद्यकीय तपासणीसाठी आणले जाते, हा त्यातला अगदी उघड मार्ग. त्याहून अधिक वेळा असे होते की, आई बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब वाढल्याची किंवा झोप नसल्याची तक्रार घेऊन येते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. समाजसेविका शेजारी बसून दोन शब्द बोलते, तेव्हा कळते की मुलगा निरीक्षणगृहात आहे आणि आई आठवडाभर धड जेवलेली नाही. कुठे क्षयरोगाचा औषधोपचार चालू असलेल्या वडिलांच्या गोळ्या मध्येच थांबलेल्या असतात, कारण औषधाचा दिवस आणि तारखेचा दिवस एकच आला. औषध तपासून देणे हे आमचे काम आहे आणि ते का थांबले, हे विचारणेही आमचेच काम आहे, अशी आमची धारणा आहे.

आणखी एक दार आहे, त्याची कल्पना बहुधा आपणांस नसेल. ते म्हणजे तळमजल्यावरील अभिलेख कक्ष. मुलाचे वय अठराच्या आत आहे की बाहेर, यावर त्याचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे चालणार की प्रौढांच्या न्यायालयात, हे ठरते. वय ठरविण्यासाठी कायद्याने क्रम लावून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि तोही नसेल तरच हाडांची क्ष-किरण तपासणी. या तपासणीत एक-दोन वर्षांचे अंतर इकडे-तिकडे होऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एवढ्या अंतरावर सारे आयुष्य लोंबकळत असते. ज्यांचे बिऱ्हाड सतत हलत राहिले, ज्यांच्या मुलाने शाळा अर्ध्यावर सोडली, त्यांच्याकडे कोणताच कागद नसतो. अशी आई आमच्याकडे येऊन सांगते, “ह्याचा जन्म इथेच झाला, पावसाळ्यात, साल आठवत नाही.” मग आमचे अभिलेखपाल जुनी प्रसूती नोंदवही काढून बसतात. आमची नोंद म्हणजे जन्मदाखला नव्हे. परंतु दाखला कोणत्या साली व कोणत्या नावाने शोधावा, आणि जन्म नोंदलाच गेला नसेल तर विलंबित नोंदणीसाठी आधार काय दाखवावा, हे तिच्यावरून कळते. जुन्या नोंदवह्यांच्या बांधणीवर व वाळवीच्या औषधावर दरवर्षी खर्च कशासाठी, असे विचारणाऱ्यांना आमचे हेच उत्तर आहे.

आता त्या कुटुंबाच्या हिशेबाकडे वळू. आम्ही वाणिज्य शाखेचे. जमा आणि खर्च मांडल्याखेरीज आम्हांला गोष्ट समजत नाही. कायद्याप्रमाणे मुलाला ताब्यात घेतल्यावर, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत मंडळापुढे आणावे लागते. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला असते. सर्वसाधारण प्रकरणाची चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत पूर्ण व्हावी, कारणे नोंदवून ती आणखी दोन महिने वाढावी, अशी तरतूद आहे. ही मुदत मुलाच्या हिताची आहे. तथापि या काळातील प्रत्येक तारखेला हातावर पोट असलेल्या घराला काय मोजावे लागते? वडिलांची एका दिवसाची मजुरी जाते. आई चार घरी धुणीभांडी करीत असेल, तर तिचे खाडे पडतात, आणि खाडे वाढले की काम सुटते. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे दोघांचे भाडे. धाकट्या मुलांना शेजारी ठेवावे तर शेजाऱ्यांनी बोलणे टाकलेले असते, म्हणून त्यांनाही सोबत घ्यावे लागते आणि त्यांची शाळा बुडते. यांतील एकही रक्कम कोणत्याही आदेशात लिहिलेली नसते.

या खर्चाला घाबरून पालक तारखेला गेले नाहीत, तर पुढचे नुकसान मुलाचे होते. अपराध जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हाच कायद्याचा नियम आहे. सुटल्याने तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, नैतिक वा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे वाटण्यास सबळ कारण असेल, तरच मंडळ सुटका नाकारू शकते. म्हणून मुलाला न्यायला कोण आले आहे, हे तेथे पाहिले जाते. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची, शाळेची व परिसराची माहिती घेऊन दोन आठवड्यांत अहवाल देतात. घराला कुलूप, वडील कामावर, आई इस्पितळात असे चित्र त्यांना दिसले, तर अहवाल तसाच होणार. अधिकाऱ्यांचा त्यात दोष नाही. मूल घरी येते की निरीक्षणगृहात राहते, हे अनेकदा एका दिवसाच्या रजेवर आणि बसच्या तिकिटावर अवलंबून असते. विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर लेखापरीक्षणाचे आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार आम्ही दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखतो आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतो. आईचा उपचार त्या निधीतून होऊ शकतो. मात्र तो निधी उपचारासाठीच आहे. तारखेचे भाडे त्यातून देता येत नाही आणि देऊही नये. म्हणून हे शीर्ष वेगळे ठेवले आहे आणि ते केवळ आपल्या ऐच्छिक देणग्यांवर चालते. रोख रक्कम सहसा हाती दिली जात नाही. तिकीट, जेवणाचे कुपन, झेरॉक्सची पावती, असा प्रत्येक रुपया कागदावर असतो.

एक अवघड गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याला इजा झाली तोही अनेकदा याच रुग्णालयात असतो. एकाच मजल्यावर एका टोकाला जखमी मुलाचे आईवडील आणि दुसऱ्या टोकाला ज्याच्यावर आरोप आहे त्याची आई, असे प्रसंग येतात. अशा वेळी आमचे नियम कडक आहेत. दोन्ही घरांसाठी दोन वेगळ्या समाजसेविका असतात. जखमीचा उपचार व त्याच्या घराचा आधार यांना प्रथम स्थान आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा करावा, हे त्या कुटुंबाला समजावून सांगितले जाते. आम्ही कोणासाठी चांगल्या वागणुकीची पत्रे लिहीत नाही, तडजोडीची बोलणी करीत नाही आणि घटनेविषयी मत देत नाही. खरे-खोटे ठरविणे मंडळाचे काम आहे. एका घराला सावरल्याने दुसऱ्या घराचे दुःख कमी लेखले जाते, असे आम्ही मानत नाही. ज्या मुलाचे घर सावरले, त्याच्या हातून पुन्हा कोणाला इजा होण्याची भीती कमी होते, असा आमचा विश्वास आहे.

प्रत्येक प्रकरण सौम्य असते, असेही नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन मंडळाला करावे लागते आणि ते प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. मंडळात मानसशास्त्राचे जाणकार नसतील तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. हे काम उतावीळपणे होण्यासारखे नाही, हे आमच्या मानसोपचार विभागाला ठाऊक आहे.

सभागृहात रुग्णांचे नातेवाईक बसले आहेत. कोणावर कधी प्रसंग येईल, सांगता येत नाही, म्हणून चार गोष्टी त्यांच्यासाठी. पहिली, मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, दलालाकडे नव्हे. दुसरी, जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. तेव्हा दागिने मोडण्याआधी वकिलाला विचारावे. तिसरी, शाळेचा दाखला व जन्मदाखला आजच जपून ठेवावा. चौथी, निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांना उघड करता येत नाही. बाल न्यायालयाने सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढाप्रमाणे दोषी ठरविल्याचे प्रसंग सोडले, तर त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. मुलाचे आयुष्य संपले, असे त्याच्यासमोर कृपा करून म्हणू नये.

आपल्यापैकी काहींनी सुचविले होते की, अशा एखाद्या मुलाचे छायाचित्र व हकिकत अहवालात छापावी, म्हणजे देणगीदारांना काम दिसेल. ते आम्ही केलेले नाही आणि करणारही नाही. मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते. आमच्या अहवालातील या कामाचे पान म्हणूनच कोरडे दिसते. त्या कोरडेपणावर आपण विश्वास ठेवावा, एवढी विनंती.

शेवटी मागणे. पैशाची गरज आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्यापैकी कोणाचा कारखाना, दुकान वा कार्यालय असेल, तर तारखेच्या दिवशी कामगाराचा खाडा धरू नये आणि कारण सर्वांदेखत विचारू नये. शाळांशी संबंध असलेल्यांनी परत आलेल्या मुलाला पुन्हा वर्गात बसू द्यावे. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक तास दिला, तर धाकट्या भावंडांचा अभ्यास मागे पडणार नाही. या शीर्षाचा पावत्यांसह हिशेब लेखा विभागात कोणाही देणगीदारास पाहावयास मिळेल. विश्वस्त महोदयांनी प्रश्न विचारला, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.