बाळंतपणानंतरचं न बोललेलं दुखणं



आजचा विषय ऐकून काहीजण मान खाली घालतील. दोन वर्षं मीही तेच केलं.

मुलगी झाली. चाळीस दिवसांनंतर नमाजला उभी राहिले आणि सजद्यातून उठताना लघवीचे थेंब निसटले. पुन्हा वुजू, पुन्हा नमाज, पुन्हा तेच. खोकला, शिंक, पाण्याची बादली, सगळ्याचीच धास्ती. लग्नाला जायचं तर सकाळपासून पाणी बंद. शेवटी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "मला तर तुझ्या भावाच्या वेळेपासून आहे. बाईला हे असायचंच." म्हणजे वीस वर्षं! ती प्रवास का टाळते, ते तेव्हा कळलं.

'असायचंच' हे खरं नाही. बाळंतपणानंतर साधारण तीनपैकी एका बाईला हा त्रास होतो. गरोदरपणात आणि प्रसूतीत मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू ताणून सैल पडतात. व्यायामाने ते बळकट होतात. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा उपाय मांडला.

गॅस रोखताना आवळतो तसं आवळायचं, सहा-आठ सेकंद धरायचं, मग सैल सोडायचं. श्वास रोखायचा नाही. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पाणी तोडू नका, बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. लघवी सतत गळत असेल तर मात्र लगेच जा. अडलेल्या बाळंतपणात कधी मूत्राशयाला छिद्र पडतं, त्याला व्यायाम पुरत नाही, शस्त्रक्रिया लागते.

नमाजचं म्हणाल, तर ज्यांची लघवी थांबतच नाही त्यांना शरीयतने 'माजूर' मानून सवलत दिली आहे. अल्लाहने ज्यासाठी सूट दिली, त्यासाठी आपण बाईला लाजवतो.

मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. बायकोच्या व्यायामाच्या वेळी बाळाला तुम्ही घ्या. जड बादल्या तुम्ही उचला. दवाखान्यात तिच्यासोबत आत जा, बाहेर मोबाईल बघत बसू नका.

मला चार महिन्यांत आराम पडला. अम्मीनेही आता व्यायाम सुरू केलाय. तुमच्या घरातही अशी एखादी अम्मी, आपा, भाभी असेल. आज घरी गेल्यावर तिच्याशी बोला.