डळमळत्या अंतरांतील स्थिर बिंदू



गणित म्हणजे निश्चितपणाचे माहेरघर, असा आपला समज असतो. पण जेथे अंतरच निश्चित नाही, तेथे निश्चित असे काही हाती लागेल काय? आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे.

आपल्या गावाचा नकाशा याच सभागृहात जमिनीवर पसरला आहे, असे समजा. गावातील १ किलोमीटर त्यात १० सेंटिमीटर झाला आहे. या नकाशाचा एक बिंदू, आणि एकच, बरोबर आपल्या खऱ्या जागेवर पडतो. यामागचा नियम पोलंडचे गणिती स्तेफान बानाख यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. अवकाशात कोठे भोके नसतील आणि एखादी क्रिया प्रत्येक अंतर ठराविक प्रमाणात आक्रसवीत असेल, तर ती पुनःपुन्हा करीत आपण एकाच स्थिर बिंदूकडे जातो.

पण मोजणीत चूक राहतेच. म्हणून १९४२ साली कार्ल मेंगर यांनी सुचविले, की अंतर हा एक आकडा मानू नये; ते अमुक मापाहून कमी असण्याची संभाव्यता सांगावी. मग प्रश्न येतो खात्रीच्या बेरजेचा. ‘क’ ते ‘ख’ अंतराची खात्री १० पैकी ९, ‘ख’ ते ‘ग’ची तेवढीच, तर ‘क’ ते ‘ग’ची किती? दोहोंतील कमी ती घेतली, तर ९च राहते. गुणाकार केला, तर १०० पैकी ८१. आणि पुढे प्रत्येक टप्प्याला ती झिजत जाते. पहिल्या नियमाखाली सेहगल व भरुचा-रीड यांनी १९७२ साली स्थिर बिंदू सिद्ध केला. उलट, खात्री झिजविणाऱ्या नियमाखाली तो मुळीच नसू शकतो, हे शेरवूड यांनी १९७१ सालीच दाखविले होते.

आणि सर्वच जोड्या आक्रसत नसतील तर? २००८ साली याखिम्स्की यांनी बिंदूंना निवडक रेषांनी जोडून आलेख कल्पिला. जोडलेल्या बिंदूंपुरते आकुंचन पुरे. मात्र क्रियेने जोडणी तुटू नये, निदान एक बिंदू आपल्या प्रतिमेशी जोडलेला असावा, आणि ती जोडणी वाटेच्या शेवटापर्यंत टिकावी. आलेख तुकड्यांत विभागलेला असेल, तर स्थिर बिंदू एकाहून अधिक निघू शकतात. पुढे हाच विचार मेंगर यांच्या अवकाशांतही नेण्यात आला.

सारांश, स्थैर्यासाठी सगळेच निश्चित असावे लागत नाही. परंतु कोणती खात्री सोडली आणि कोणती राखली, याचा हिशेब चोख हवा. तो चुकला की स्थिर बिंदूही हातचा जातो.