श्रवणयंत्र कपाटात का जाते



अलिबाग येथे भरलेल्या विशेष शिक्षकांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

अध्यक्षाने गतकालाचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे, आणि तो पाळावयाचा तर १९०० साली ॲना मिलार्ड यांनी मुंबईत काढलेल्या अंधशाळेपासून १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी मुक्रर झालेल्या भारती ब्रेलपर्यंत, आणि कानपूरच्या १९७२ मधील कृत्रिम अवयव निर्मितीच्या कारखान्यापासून १९८१ च्या साधनसाहाय्य योजनेपर्यंत पुष्कळ सांगता येईल. परंतु हा सारा इतिहास साधने घडविण्याचा आणि वाटण्याचा आहे. आणि जे बोलण्यासाठी मी कित्येक वर्षे अशा व्यासपीठाची वाट पाहिली, ते वाटपाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने, चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि योग्य साधने विनामूल्य देण्याचे कर्तव्य शासनावर घातले, याबद्दल त्या कायद्याच्या कर्त्यांना मी वंदन करतो; पण दिलेले साधन चालू कोणी ठेवायचे, याविषयी त्या कलमात एक अक्षर नाही, आणि त्या मौनाची किंमत आपली मुले मोजीत आहेत.

विशेष शाळा बरी की गावची शाळा बरी, या वादावर कालच्या परिसंवादात दोन्ही पक्षांनी विद्वत्तापूर्ण भाषणे केली. मला मात्र मुरूड तालुक्यातील कोळीवाड्यातला एक मुलगा आठवत होता. शिबिरात त्याला कानामागे लावण्याचे श्रवणयंत्र मिळाले, आणि आरंभीचे काही महिने तो वर्गात प्रश्नांची उत्तरे देऊ लागला. पुढे अंग वाढले तसा कानही वाढला, कानात बसणारा साचा सैल झाला, त्याच्या कडेने निसटलेला आवाज पुन्हा यंत्रातच शिरून ते शिट्टी मारू लागले, आणि वर्ग हसला. त्या दिवसानंतर यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात गेले. शाळेच्या दप्तरी मात्र ‘साधन प्राप्त’ हाच शेरा कायम राहिला. यंत्र असूनही मूल शिकत नाही, तेव्हा त्याला दूरच्या निवासी शाळेत पाठवावे, अशी शिफारसही तयार झाली. त्याच्या आईने मासळी विकण्याचा दिवस बुडविला, आम्ही पहाटेच्या एसटीने मुंबई गाठली, नवा साचा करून घेतला, आणि तो मुलगा आपल्या त्याच बाकावर बसून पुन्हा बोलू लागला. ज्याला सैल साच्यापायी घर सोडावे लागणार होते, त्याच्या बाबतीत कोणती शाळा श्रेष्ठ हा वाद मला निरर्थक वाटतो.

आमच्या किनाऱ्यावर हे दुखणे दुणावते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी यंत्राच्या बॅटरीजवळील पट्ट्यांवर हिरवे जंगाल चढते, तीनचाकी सायकलची साखळी गंजून जाम होते, कॅलिपरच्या बिजागऱ्या धरतात. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची एक लहानशी डबी रात्री यंत्राला पुष्कळ वाचवू शकते. पण ती यंत्रासोबत मिळालेली घरे मी फार थोडी पाहिली. श्रीवर्धनच्या माणसाने म्हसळा-माणगावमार्गे मुंबईपर्यंत जावे ते एका तुटलेल्या तारेसाठी! आणि वाटपाच्या शिबिरात मंडप असतो, हार असतात, छायाचित्रकार असतो. सहा महिन्यांनी त्याच मंडपाच्या जागी दुरुस्तीसाठी एक माणूस टेबल मांडून बसल्याचे आपणांपैकी कोणी पाहिले आहे काय?

बोलणारा भ्रमणध्वनी आल्यावर ब्रेलचे दिवस सरले, असेही येथे आग्रहाने सांगण्यात आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळले आणि कित्येक गावे दीर्घकाळ विजेवाचून राहिली, तेव्हा माझ्या एका अंध विद्यार्थिनीचा भ्रमणध्वनी मुका झाला होता. ती ब्रेलची पाटी मांडीवर घेऊन उजवीकडून डावीकडे टोचत आपले टिपण पुरे करीत होती. भ्रमणध्वनीने तिला पुष्कळ दिले आहे, तो तिला हवाच. पण जुन्या फॉन्टांत टंकलेली मराठी परिपत्रके आजही त्याला वाचता येत नाहीत, आणि ज्या पाटीला वीज लागत नाही ती काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

माझी मागणी अशी की, प्रत्येक तालुक्यात दुरुस्तीची एक खोली असावी, तेथे सुट्या भागांचा साठा असावा, आणि कानाचा साचा घेऊ शकणारा पगारी मनुष्य असावा. बाजारपेठेत भ्रमणध्वनी दुरुस्त करणारे हुशार तरुण आहेतच; वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी त्यांच्या प्रशिक्षणाची तजवीज करता येईल. खर्चाचा तपशील समिती ठरवील. तूर्त, सायंकाळच्या बैठकीपूर्वी प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या तालुक्यातील बंद पडलेल्या साधनांची यादी कार्यवाहांकडे द्यावी. ज्यांच्याकडे यादी नसेल त्यांनी ती गावी परतताच करून पाठवावी, आणि ‘साधन प्राप्त’ या शेऱ्यापुढे ते आज चालते की नाही हेही लिहावे.