घरबसल्या परदेशचा प्रेक्षक



लाइव्ह स्ट्रीमिंग, म्हणजे घरातून थेट प्रक्षेपण करून, परदेशात प्रेक्षक कसा मिळवावा, हे आम्ही सांगायचे म्हणजे पोहता न येणाऱ्याने खाडीची खोली सांगण्यासारखे आहे. पण काठावर बसूनही थोडेफार दिसते. तेवढेच सांगतो.

आमच्या आळीत एक मुलगा आहे. बुद्धिबळ बरे खेळतो. गेल्या पावसाळ्यात तो पहाटे पाचला उठून माडीवर दिवा लावू लागला. आईला वाटले, पोर अखेर अभ्यासाला लागले. मग कळले की तो फोन तिपाईवर ठेवून, पट मांडून, अमेरिकेशी इंग्रजीत बोलतो. आम्ही विचारले, "ऐकते कोण?" तो म्हणाला, "काल सात जण होते. त्यांतले तीन आपल्याच कॉलेजातले."

आम्ही हसलो, पण मुलगा हसला नाही. त्याचा हिशेब चोख होता. आपल्याकडे काकडआरतीचे साडेपाच वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. माणसे जेवूनखाऊन मोकळी असतात. गिऱ्हाईक असेल त्या वेळी दुकान उघडावे, हा व्यवहार झाला. परंतु वर्षभर काकडआरतीला उठून दिवसा कॉलेजात डुलक्या घेणारा मुलगा पाहिला, तेव्हा या व्यवहारात काय जाते तेही आमच्या ध्यानात आले.

येथे थोडे थांबून हे प्रक्षेपण म्हणजे काय ते पाहू. चित्रपट तयार होऊन पेटीत बंद होतो. थेट प्रक्षेपणाचे नाते आपल्या जाखडीशी आहे. शक्तीवाल्याने सवाल टाकावा, तुरेवाल्याने तिथल्या तिथे जबाब द्यावा, आणि रसिकाने रात्र जागवावी, यातली गोडी समोरासमोर असण्यात आहे. फोनवरचा प्रेक्षक लिहून सवाल टाकतो, बोलणारा त्याचे नाव घेऊन उत्तर देतो. फरक एकच, जबाब उशिरा येतो. कीर्तनकाराने 'पुंडलिक वरदा' म्हणावे आणि मंडपातून 'हरि विठ्ठल' दहा सेकंदांनी यावे, अशी गत! हा दोष समुद्राचा नव्हे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो; अमेरिका गाठायला त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरे होतो. उशीर होतो तो चित्राचे तुकडे करण्यात, ते लहानमोठ्या आकारांत पुन्हा घडवण्यात, आणि पाहणाऱ्याचा फोन पुढचा थोडा साठा करून मगच दाखवतो त्यात. म्हणून मुरलेला प्रक्षेपक प्रश्न टाकून गप्प बसत नाही. उत्तर येईपर्यंत दुसरे काही बोलत राहतो.

आता उदाहरण घेऊ. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२० च्या टाळेबंदीत यूट्यूबवर येऊन डाव समजावू लागला. मुंबईत सागर शाह आणि अमृता मोकळ यांची 'चेसबेस इंडिया' ही संस्था होतीच. त्या वर्षी विनोदकार समय रैना याच्यासारखी माणसे मिसळली, आणि ज्यांना घोड्याची चाल ठाऊक नव्हती असे लोक तासन् तास डाव पाहू लागले. विदितने उच्चार उसने आणले नाहीत. आमचा मुलगा मात्र नाकातून बोलत असे. पटावरची चौसष्ट घरे सर्वांचीच आहेत, त्यामुळे या खेळाला भाषांतर थोडे लागते, ही सोय आहे. नमन-खेळ्यांतल्या संकासुराचे विनोद पोलंडला पोहोचवायचे तर काम अवघड!

त्याच वर्षी दुसरेही एक दिसले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीकडची वीज कित्येक दिवस घालवली, हे आपल्याला सांगायला नको. ३० ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम लढत होती. भारत विरुद्ध रशिया, खेळाडू आपापल्या घरी, भारताचा कर्णधार विदित. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि घड्याळ संपून डाव गेले. बिघाड त्यांच्या घरचा नव्हता. इंटरनेटच जगभर अनेक ठिकाणी अडखळले होते. भारताने दाद मागितली आणि जागतिक संघटनेने सुवर्णपदक दोघांना दिले. पुढे २८ जुलै २०२५ ला बातुमी येथे दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती समोर बसून खेळत होती. ऑलिंपियाडला निदान दाद मागायला जागा होती. माडीवरच्या मुलाची तार तुटली तर प्रेक्षक दुसरीकडे जातो, बस्स.

मंडपही आपला नसतो. दक्षिण कोरियात प्रक्षेपणाचा धंदा आपल्या कितीतरी आधी रुजला. परंतु ट्विच या अमेरिकी कंपनीने जाळ्याचे शुल्क परवडत नाही म्हणून २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथला कारभार बंद केला आणि वर्षानुवर्षे जमवलेले प्रेक्षक घेऊन लोकांना दुसरा मंडप शोधावा लागला. आपल्याकडे पब्जी हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, तेव्हा मुंबईचा आदित्य सावंत, मुले ज्याला डायनॅमो म्हणतात, त्याच्यासारख्यांवर अशीच वेळ आली.

पण आम्हांला टोचते ते निराळेच. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला आव्हानवीरांची स्पर्धा होती. विदितने तेथे अमेरिकेच्या नाकामुराला, जो स्वतः प्रक्षेपणातला मोठा माणूस, दोनदा हरवले. डाव तेथे दुपारी अडीचला सुरू होत, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री बाराला. आम्हीही जागलो. म्हणजे पाहायचे असले तरी जागायचे आपण, आणि दाखवायचे असले तरी जागायचे आपणच! हे आम्ही त्या मुलाला बोलून दाखवले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग कागद घेऊन बसला.

त्याने काढलेला हिशेब असा. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात, उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेचार आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा. रविवार असला तर तिन्हीकडे माणूस घरी सापडतो. शिवाय दुबईला आपल्या जिल्ह्याची माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख होते. त्यांतला कोणी परदेशी बसून ऐकत असेल, त्याला तरी नाकातले इंग्रजी कशाला?

आता तो रविवारी नऊला बसतो. इंग्रजी बोलतो, पण आपल्या इंग्रजीत, आणि पटावरच्या मोहऱ्यांना घोडा, हत्ती, वजीर म्हणतो. शह आणि मात हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले, तेच पश्चिमेकडे 'चेकमेट' होऊन गेले, हे तो सांगतो तेव्हा परदेशच्या मंडळींना मौज वाटते. आकडा अजून चाळीसच्या वर गेलेला नाही. त्यात आमच्या कॉलेजातले किती, ते आम्ही विचारले नाही.

परवाच्या रविवारी पोलंडच्या एका गृहस्थांनी लिहिले, की आमच्याकडे ज्याला धावपटू म्हणतात त्याला तुम्ही उंट म्हणता, ते ठीक. पण उंट तिरका का चालतो? मुलगा अडला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. आम्हांलाही सांगता आले नाही. आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सभा संपल्यावर कृपा करून आम्हांला गाठावे. रविवारी नऊच्या आत उत्तर पोहोचवायचे आहे.